घोंगडीतील गाठ

‘भिजत घोंगडे’ या वाक्प्रचारापलीकडे शिकलेल्या कुटुंबांचा घोंगडीशी आता फारसा संबंध उरलेला नाही. सातारा-सांगलीकडील वाचकांनी तरी तिचा इतिहास एकवार डोळ्यांखालून घालावा, असे आम्हांस वाटते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी साताऱ्यातच मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. घोंगडीला मात्र ही सीमा कधी ठाऊक नव्हती.

माण, खटाव, आटपाडी, जत हा पूर्वेकडील पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. शेती बेभरवशाची, म्हणून येथे मेंढपाळी टिकली. पण येथील दख्खनी मेंढीची लोकर राठ व केसाळ. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तलमपणा तिच्यात यावयाचा नाही. एकाच कळपातील काळा रंगही सारखा नसतो. कोठे तो तांबूस झालेला असतो. धनगरांनी ही लोकर कातरावी, घरच्या बायकांनी ती कातावी आणि सणगरांनी मागावर विणावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. हाती येई ते सूत कोठे जाड, कोठे बारीक. सणगराने त्यास नावे ठेविली नाहीत. चिंचोक्याची खळ देऊन, उन्हात वाळवून, ते मागाचा ताण सोसेल असे केले.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. सूत असमान निघाले तर विणकर ते चालवून घेतो. उभा धागा तुटला तर मात्र तो माग थांबवितो आणि तेथल्या तेथे गाठ मारतो. ती गाठ डोळ्यांस दिसते, पण तिच्यामुळेच वीण उसवत नाही. द्रव्याच्या स्वभावातील उणीव पत्करावयाची व कामात पडलेली तूट सांधावयाची, असा हा विवेक आहे. ‘चालायचेच’ म्हणून हात झटकणाऱ्या आळसाशी त्याचे काही नाते नाही.

१८७६ साली कानपुरास लोकरीची गिरणी निघाली. पुढे यंत्रावरील एकसारखी कांबळी घरोघर आली आणि त्यांच्याबरोबर मोजण्याचे मापही बदलले. ऊब किती, टिकाऊपणा किती, पावसात खोळ करून डोक्यावर घेता येते की नाही, हे प्रश्न मागे पडले. सफाई किती, एवढेच पाहिले जाऊ लागले. घोंगडी होती तशीच राहिली. तिचे वेगळेपण तेवढे दोष ठरले.

या काळात एका थोर पुरुषाने घोंगडी खांद्यावर मिरविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एकत्र ठेविली. खेड्यांतून आलेल्या त्या मुलांची तयारी सारखी कोठून असणार? त्या कारणास्तव भाऊरावांनी कोणास परत लाविले नाही. श्रम व अभ्यास करवून घेण्यात कसूरही केली नाही. त्यांच्या खांद्यावरील वस्त्राचा धर्मच जणू त्यांच्या शाळेत उतरला होता.

आज मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळल्या जातात आणि कातरलेल्या लोकरीस भाव मिळत नाही. माग थोडेच उरले आहेत. तथापि गिरणीचे माप आता आपण वस्त्रांपुरतेच ठेविलेले नाही. तेच मुलांच्या गुणपत्रिकांस, सुनांच्या वागण्यास आणि स्वतःच्या आयुष्यासही लावतो. मग मुलाचा मंदपणा आणि त्याचा खोटेपणा या दोहोंस आपण एकाच स्वरात रागे भरतो. यांपैकी पहिले जाडे सूत होय, दुसरा तुटलेला धागा. कोणते चालवून घ्यावे आणि कोठे माग थांबवावा, हे ज्या घरास कळले, त्या घराची वीण सहसा उसवत नाही.