गाठी मोजल्या, गाणी राहिली

ब्लूज जन्माला आलं मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात. आमचं वऱ्हाडही कापसाचंच, मग इथलं ब्लूज कुठंय? एवढ्याच प्रश्नावर आम्ही चौघं मित्र अकोल्याहून गाडी काढून निघालो.

दुवा खरा आहे. 1861 ते 65च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. इंग्रजांनी गाठींचा हिशोब ठेवला. गाणी कोण लिहिणार?

तिकडे 1941मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स यंत्र घेऊन मडी वॉटर्सच्या खोपटापर्यंत गेला. आपल्याकडे गाडगेबाबांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, पण ते मुंबईत, बांद्र्याला, 8 नोव्हेंबर 1956चं. पुढच्याच महिन्यात वलगावजवळ बाबा गेले. गाडीत तेच लावलं होतं.

मूर्तिजापूरच्या पुढे एका वावरात बाया कापूस वेचत होत्या. वेचताना काय गाता, म्हणून विचारलं. एक मावशी हसली, "गानं कायचं बापा, मजुरी किलोवर भेटते!" वहीत लिहिलं : गाणी नाहीत.

मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात गेलो. त्यांची खंजिरी भजनं गावोगाव टिकली, कारण मंडळं ती रोज म्हणतात. वावरातल्या बायांचं मंडळ कुठलं?

परतताना अमरावतीत गिला वडा खाता खाता वही पुन्हा काढली. चार अनोळखी पोरांना, भर वेचणीत, कोण गाऊन दाखवेल? 'गाणी नाहीत' खोडलं आणि लिहिलं : आम्हाला ऐकवली नाहीत.