कवकजन्य कायटिनेज

कवकजन्य कायटिनेज हा कवकांच्या पेशींत तयार होणाऱ्या आणि कायटिन या बहुशर्करेचे विघटन करणाऱ्या विकरांचा, म्हणजेच एंझाइमांचा, गट आहे. विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कायटिनेजचा क्रमांक ३.२.१.१४ आहे. पिकांवरील रोग व किडींचे जैविक नियंत्रण, कोळंबी व खेकड्यांच्या कवचांचा पुनर्वापर आणि प्रयोगशाळेत कवकांची पेशीभित्तिका विरघळवणे हे या विकरांचे प्रमुख उपयोग होत. शेतीत मात्र शुद्ध विकराऐवजी ते निर्माण करणारे सजीव कवकच प्रामुख्याने वापरले जाते.

कायटिन

कायटिन हे एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन या घटकाच्या बीटा-१,४ बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्यांचे बनलेले असते. सेल्युलोजच्या खालोखाल ते निसर्गात विपुल आढळणारी बहुशर्करा मानले जाते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये अळिंबीत या पदार्थाचा शोध लावला. पुढे १८२३ मध्ये ओगुस्त ओदिए यांनी कीटकांच्या कवचातील पदार्थाला कायटिन हे नाव दिले. कीटकांची उपत्वचा, कवचधारी प्राण्यांची कवचे आणि बहुतेक कवकांच्या पेशीभित्तिका यांना कायटिनमुळे बळकटी मिळते. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या गेल्याने त्याची रचना स्फटिकी असते व ते पाण्यात विरघळत नाही. वनस्पतींमध्ये कायटिन नसते.

प्रकार व कार्यपद्धती

कवकांतील जवळपास सर्व ज्ञात कायटिनेजे ग्लायकोसाइड हायड्रोलेज कुल १८ मध्ये मोडतात. कुल १९ मधील कायटिनेजे मुख्यतः वनस्पतींत व काही जीवाणूंत आढळतात. कुल १८ मधील विकरांच्या क्रियाशील स्थानी असलेले ग्लुटामिक आम्ल बंधाला प्रोटॉन देते. बंध तोडण्याच्या क्रियेत कायटिनचा स्वतःचा ॲसिटामिडो गटही भाग घेतो.

पूर्ण विघटनासाठी अनेक विकरांचे सहकार्य लागते. अंतःकायटिनेजे साखळी मध्येच तोडतात, तर बाह्यकायटिनेजे टोकापासून द्विशर्करेचे एकक सुटे करतात. हेक्झोसामिनिडेज हे विकर लहान तुकड्यांचे एकशर्करेत रूपांतर करते. स्फटिकी पृष्ठभागावर लायटिक पॉलिसॅकराइड मोनोऑक्सिजनेज ही तांबेयुक्त विकरे ऑक्सिडीकरणाने साखळी तोडतात आणि कायटिनेजला वाट मोकळी करून देतात. या विकरांची कायटिनवरील क्रिया २०१० मध्ये सेराटिया मार्सेसेन्स या जीवाणूच्या प्रथिनावरील संशोधनातून स्पष्ट झाली. कवकांतही अशी विकरे आढळली आहेत.

कवकांच्या जीवनातील स्थान

कवकाची स्वतःची पेशीभित्तिका कायटिनयुक्त असल्याने ही विकरे वाढ, पेशींचे विभक्त होणे आणि जुन्या तंतूंचे विघटन या प्रक्रियांत भाग घेतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टमधील संबंधित जनुक निकामी केल्यास मातृपेशी व कन्यापेशी वेगळ्या होत नाहीत आणि त्यांचे पुंजके बनतात. मृत कीटक व इतर कवकांपासून अन्न मिळवण्यासाठीही कवके ही विकरे स्रवतात. परिसरात कायटिन असल्यास त्यांची निर्मिती वाढते आणि ग्लुकोज मुबलक असल्यास ती मंदावते.

उपयोग

रोगनियंत्रण : ट्रायकोडर्मा प्रजातीची कवके रोगकारक कवकाच्या तंतूंना वेढतात आणि कायटिनेज, ग्लुकानेज व प्रोटिएज यांच्या साहाय्याने त्यांची भित्तिका विरघळवतात. महाराष्ट्रात हरभरा व तूर यांवरील मर रोगासाठी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया केली जाते. पिथियम व फायटोफ्थोरा यांच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकान व सेल्युलोज असल्याने त्यांच्यावर एकट्या कायटिनेजचा फारसा परिणाम होत नाही. ट्रायकोडर्मा हार्झियानमचे अंतःकायटिनेजाचे जनुक तंबाखू व बटाटा या वनस्पतींत घातल्यावर त्यांची रोगप्रतिकारकता वाढल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

कीडनियंत्रण : मेटारायझियम व बिव्हेरिया ही कवके कीटकाच्या उपत्वचेतून शरीरात शिरतात. उपत्वचेतील कायटिन प्रथिनांनी झाकलेले असल्याने आधी प्रोटिएज व नंतर कायटिनेज कार्य करते. उसावरील हुमणीच्या नियंत्रणासाठी मेटारायझियमचा वापर केला जातो.

कवचांचा पुनर्वापर : कोळंबी, खेकडे व शेवंड यांच्या कवचांचा जगभरातील कचरा वर्षाला सुमारे ६० ते ८० लाख टन असल्याचा अंदाज आहे. कवचात १५ ते ४० टक्के कायटिन असते. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचे विघटन केल्यास ॲसिटिल गट निघून ग्लुकोसामाइन मिळते. विकरांच्या प्रक्रियेत हा गट टिकून एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन मिळते आणि तीव्र आम्लाचे सांडपाणीही टळते.

प्रयोगशाळेतील वापर : ट्रायकोडर्मापासून मिळवलेल्या विकरांच्या मिश्रणाने कवकांची पेशीभित्तिका काढून प्रोटोप्लास्ट तयार करतात. जनुक संक्रमणाच्या प्रयोगांत त्यांचा उपयोग होतो.

उत्पादन व मर्यादा

कायटिनेजच्या निर्मितीसाठी द्रव माध्यमातील किण्वनाबरोबरच गव्हाचा कोंडा व कोळंबीच्या कवचाची पूड यांवर घन-अवस्थेतील किण्वन करतात. आम्ल प्रक्रियेने फुगवलेले कलिली कायटिन प्रयोगशाळेत सहज विघटित होते. नैसर्गिक कवचातील स्फटिकी कायटिन मात्र अतिशय मंद गतीने तुटते. त्याआधी कवचातील कॅल्शियम कार्बोनेट व प्रथिने काढावी लागतात आणि त्यासाठी सहसा आम्ल व अल्कली वापरावे लागते. त्यामुळे विकरप्रक्रियेचा पर्यावरणीय लाभ काही अंशी कमी होतो. विकराचे शुद्धीकरणही खर्चिक असते.

शेतीत सजीव कवक पिकाजवळच विकर निर्माण करत असल्याने शुद्धीकरणाचा खर्च वाचतो. मात्र परिणाम जमिनीतील ओलावा, तापमान आणि बीजाणूंची जिवंत राहण्याची क्षमता यांवर अवलंबून असतो. रासायनिक बुरशीनाशकात ट्रायकोडर्मा मिसळल्यास उपयुक्त कवकच मरण्याची शक्यता असते.