छोटा व्यवसाय सुरू करताना: कोणता विमा सक्तीचा, कोणता गरजेचा?

दाना ओलीत दुकान टाकायचे असो की घरीच फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या असोत, सभासद आम्हाला हमखास विचारतात, "विमा काढावाच लागतो का?" सरसकट नाही, पण पुढील गोष्टी पाहाव्यात.

कायद्याने सक्तीचे

१. मालवाहू गाडी असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा.

२. दुकानात १० किंवा अधिक माणसे कामाला असल्यास ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाने ३.२५ टक्के व कर्मचाऱ्याने ०.७५ टक्के भरायचे.

३. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायने हाताळत असल्यास सार्वजनिक दायित्व विमा (कायदा १९९१).

बँकेची अट

माल तारण ठेवून कॅश क्रेडिट घेतले की बँक त्या मालाचा विमा मागतेच. प्रीमियम बँकेने खात्यातून परस्पर भरला, तरी पॉलिसी स्वतः वाचावी. आमच्या नोकरीच्या काळात एका खातेदाराने गोदाम बदलले, पण पॉलिसीवर जुनाच पत्ता राहिला. आग लागली आणि दावा नामंजूर झाला. माल गेला, कर्ज मात्र राहिले. पत्ता बदलताच विमा कंपनीला व बँकेला लेखी कळवा.

सक्ती नसली तरी गरजेचे

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. एका ठिकाणची ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता तीत बसते. आग, वीज, पूर, दंगल यांपासून संरक्षण मिळते. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा. घरून धंदा करणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावे, की घराच्या पॉलिसीत विक्रीचा माल सहसा धरला जात नाही.

रक्कम कमी लिहू नका

माल १० लाखांचा आणि विमा ६ लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाख २० हजारच मिळतात. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त नाही. सणासुदीला माल वाढतो, तेव्हा रक्कमही वाढवून घ्यावी.

दावा अडल्यास

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा नकार मिळाल्यास भोपाळच्या विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांनाही ही सोय आहे, आणि तिला फी लागत नाही.

पॉलिसी, स्टॉक रजिस्टर व खरेदीची बिले यांची एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी. दुकानाबरोबर कागदही जळाले, तर नुकसान सिद्ध करणे फार अवघड जाते.