छकड्यावरचा माणूस

शर्यतीच्या हँडबिलावर बैलाचं नाव ठळक छापतात. त्याखाली मालकाचं, मग गावाचं. छकडा हाकणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. सातारा-सांगलीकडं या माणसाला सगळे ड्रायव्हर म्हणतात. आमच्या भागातल्या शर्यतींचा इतिहास कुणीही सांगायला बसला की तो बैलांचा आणि मालकांचाच होतो. मला ड्रायव्हरचा सांगायचाय. माझे वडील ड्रायव्हर होते, त्यांच्यामागं काही वर्षं मीही कासरा धरला, आणि आम्हा दोघांचंही पोट चाललं ते शिलाई मशिनवर. खानापूर तालुक्यात आमचं टेलरिंगचं दुकान आहे. पँट-शर्ट शिवतो, लग्नसराईत सूट शिवतो, आणि बैलांच्या झुली.

साताऱ्याकडचे माण-खटाव आणि सांगलीकडचे आटपाडी, जत, खानापूर, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा कमी पावसाचा. पाटाचं पाणी आलं ते अलीकडं. त्याआधी इथल्या माणसाची खरी दौलत म्हणजे खिलार बैल. अंगानं काटक, खूर कठीण, चाल झपाझप. जाणकार माणसं खिलारात आटपाडी महाल आणि म्हसवड असे वेगळे प्रकार सांगतात. आटपाडी महाल हा औंध संस्थानाचा तुटक मुलूख होता, त्यावरून त्या प्रकारालाच ते नाव पडलं. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचे मोठे बाजार भरतात. शर्यतीचं मूळ मला या बाजारांतच दिसतं. विकायला आणलेला बैल पळतो कसा हे गिऱ्हाईकाला दाखवायचं, तर तो पळवावा लागणार. दात बघून वय ठरवायची बाजाराची रीत शर्यतीत जशीच्या तशी आली. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. आजही मैदानाचे गट याच नावांनी पडतात.

महाराष्ट्रात सगळीकडं शर्यत एकसारखी नाही. पुणे जिल्ह्यात खेड-मंचरकडं घाटात बैल पळतात, तिथं गाड्यावर माणूस नसतो, पुढं घोडी पळते आणि सेकंद मोजतात. विदर्भात शंकरपट. मिरजेपासून कर्नाटकाच्या बाजूला एका जुवाला बैल आणि घोडा जुंपतात. आमच्याकडं सपाट माळावर चाकोऱ्या आखतात आणि छकडे एकाच वेळी सुटतात. गट, सेमी, फायनल. शेजारच्या चाकोरीत दुसरी जोडी फुफाटा उडवत पळत असते, आणि छकड्यावर बसायला धड फळीसुद्धा नसते. ड्रायव्हर दोन्ही पाय आवळून, गुडघ्यात वाकून बसतो. कासरा ओढला तर वेग जातो, सैल सोडला तर जोडी चाकोरी सोडते. दोन बैलांचा पळ सारखा कधीच नसतो. एकाला आवरायचं, दुसऱ्याला पुढं काढायचं, आणि तेही तोंडाच्या हाळीनं. वडील म्हणायचे, बैलाला ड्रायव्हरचा श्वास कळतो. छकड्यावर बसल्यावर ते मला कधी ओरडताना दिसले नाहीत, नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे. निशाणाच्या पुढं गेल्यावर खरी परीक्षा, कारण सुसाट सुटलेली जोडी थांबवायची असते आणि पुढं माणसांची गर्दी उभी असते. हात-पाय मोडलेले ड्रायव्हर आमच्या प्रत्येक गावात आहेत.

एवढं करून हातात काय पडायचं? बक्षीस मालकाचं. मालक खूश झाला तर ड्रायव्हरला फेटा, नारळ आणि थोडे पैसे. नुसत्या शर्यतीवर जगलेला ड्रायव्हर मी जुन्या काळात पाहिला नाही. कुणी गवंडी, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी ऊसतोडीला. आम्ही शिंपी.

आणि शिंपी म्हणून शर्यतीचं दुसरं अंग मला जवळून कळलं, ते साजाचं. आमच्याकडं बैलांचा सण पोळ्याला नसतो, आषाढात बेंदूर असतो. त्याच्या आधी महिनाभर दुकानात झुलींचा ढीग लागतो. मखमल किंवा साटीन, कडेनं जरीची पट्टी, मधे आरसे आणि टिकल्या, आतून सुती अस्तर, म्हणजे घामानं अंगाला चिकटत नाही. झुलीचा कस लागतो वशिंडापाशी. खिलाराचं वशिंड उंच आणि मागं कललेलं. तिथला कापडाचा घेर कमी पडला की झूल मानेवर चढते, जास्त झाला की एका बाजूला घसरते. म्हणून मी माप घ्यायला गोठ्यात जातो, बैल उभा करून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फीत धरतो आणि वशिंडाला वेगळी दोन मापं घेतो, पायथ्याचं आणि माथ्याचं. वडिलांनी हे मला सुटाच्या खांद्याआधी शिकवलं. ज्या बैलाला शनिवारी झूल चढवली त्यालाच रविवारी जुंपायचं, असंही व्हायचं. माप घेताना त्याच्या पाठीवरून हात फिरलेला असायचा, तो कुठं दुखरा आहे ते कळलेलं असायचं. याचा छकड्यावर मला उपयोग झाला.

शर्यतीत क्रूरपणा होता. पराणीच्या आरेनं रक्त काढायचे, शेपूट पिरगळायचे, चावायचेसुद्धा, पुढं पुढं बॅटरीचा शॉक देणारेही निघाले. हात ड्रायव्हरचा असायचा आणि हुकूम बहुतेक वेळा मालकाचा. चांगल्या ड्रायव्हरला आर लागत नाही, हे जुनी माणसं जाणून होती, पण बक्षिसं वाढली तसं त्यांचं कुणी ऐकेना. पुढं बंदी घालताना न्यायालयानं जे पाहिलं ते खोटं नव्हतं.

११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैल हा खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. आमच्या भागात ही वर्षं फार जड गेली. पळाऊ खोंडांचे भाव उतरले, ट्रॅक्टरमुळं शेतीत बैल आधीच कमी झाला होता, त्यात शर्यतीचा आधार गेला. माझ्याकडं झुली येईनाशा झाल्या. चोरून, पहाटे मैदानं व्हायची, आणि पोलीस आले तर छकड्यावर सापडायचा तो ड्रायव्हर. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी झुगारून शर्यत जाहीर केली, तेव्हा आसपासच्या गावांत संचारबंदी लागली होती. त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता धावपट्टी हजार मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी, हातात काठी नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटी मला मनापासून योग्य वाटतात. काठी गेली आणि ड्रायव्हरच्या कसबाला पुन्हा किंमत आली.

मग पैसा आला. २०२३ मध्ये डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटलांच्या भाळवणीत थार गाडीचं बक्षीस लागलं, ते बकासूर आणि महिब्या या जोडीनं नेलं. आता बैलांच्या नावाचे टी-शर्ट निघतात, टोप्या, गाडीच्या काचेवरचे स्टिकर. माझ्या दुकानात मुलगा टी-शर्ट छापतो, ते मैदानावर हातोहात खपतात. खोंडाचं नाव गाजलं की आठवड्यात शर्टावर येतं. ड्रायव्हरच्या नावाचा शर्ट कुणी मागितला नाही.

मोटारीच्या रॅलीत मात्र गाडीच्या काचेवर ड्रायव्हरचं आणि शेजारी वाट सांगणाऱ्याचंही नाव लिहितात. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये डाकार रॅलीच्या क्लासिक गटात उतरले, तेव्हा बातमी त्यांच्या नावानं आली. ज्यांचं कापड मी रोज कापतो त्या रेमंडचे गौतम सिंघानिया स्वतः शर्यतीत गाडी चालवतात, आणि कापडवाला ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या हाताखाली इंजिन असतं. आमच्या ड्रायव्हरच्या हाताखाली दोन जिवंत जनावरं असतात आणि त्यांची मर्जी सांभाळून त्याला जिंकायचं असतं. हे काम मला कमी दर्जाचं वाटत नाही.

यात्रा कमिट्यांना माझं सांगणं आहे की अर्जावर बैलाच्या आणि मालकाच्या नावाशेजारी ड्रायव्हरच्या नावाची ओळ घाला, त्याचा विमा उतरवल्याशिवाय छकडा सोडू नका, आणि बक्षिसातला त्याचा वाटा आधी ठरवून जाहीर करा. आणि ज्यांच्या घरी जुन्या मैदानांचे फोटो आहेत त्यांना विनंती. फोटोत छकड्यावर वाकून बसलेला माणूस कोण, हे सांगणारं कुणी म्हातारं माणूस घरात किंवा गावात असेल, तर त्याला आजच विचारा आणि फोटोच्या मागं पेनानं नाव लिहून ठेवा.