इच्छेची यादी आणि मधलं माणूस

वसई तालुक्यातल्या उमेळ्यात एखाद्या घरी लग्न, बारसं किंवा बाप्तिस्मा ठरला की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक लिंक येऊ लागली आहे. पाठवणारी भाची आखातात असते, कॅनडात असते, नाहीतर नायगाव स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत. लिंकच्या आत तिला हव्या असलेल्या वस्तूंची यादी. मावशी मोठ्या हौसेने बोट लावते, आणि समोर येतं ते ईमेल, पासवर्ड, ओटीपी मागणारं पान. मावशी फोन खाली ठेवते आणि पाकिटात पैसे घालते. भाचीला काय हवं होतं ते तिला कळत नाही. मावशीचं कुठल्या ऑनलाइन दुकानात खातं नाही, एवढंच कारण.

खरं तर हवं ते सांगण्याची आपली जुनी रीत मावशीवरच उभी होती. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा गरोदर आहे. तिला काय हवंसं वाटतं ते ती लाजेने बोलत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या मैत्रिणींना पुन्हा पुन्हा विचारतो. इच्छा असणारी एक, पुरवणारा दुसरा आणि ती पोचवणारं तिसरंच माणूस. डोहाळे पुरवायची पद्धत घरोघर याच वाटेने चालत आली. एरवी ‘मला अमुक हवं’ म्हणायची ज्या सुनेला सोय नव्हती, तिला त्या काही महिन्यांत विचारलं जाई, तेही बहुधा नणंद, जाऊ किंवा माहेरच्या कुणाच्या तोंडून.

लिहून ठेवायचं ते मात्र मागितलेलं नव्हे, दिलेलं. आपल्याच तालुक्यातल्या सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने कार्ल्याच्या लेण्यात एक खांब दान दिला. ते त्या खांबावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे आणि सुमारे 2 हजार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. मांडवातली आहेराची वही त्याच कुळातली: नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. ही वही जपून ठेवायची, कारण पुढे त्यांच्या घरच्या कार्याला तेवढा आहेर परत न्यायचा असतो. स्टीलच्या डब्यावर, पातेल्यावर दुकानदाराकडून नाव-तारीख घालून घेण्याची पद्धतही तीच. कायद्यानेसुद्धा शेवटी हीच वही मागितली. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली 1985 साली झालेल्या नियमांनुसार वधू आणि वर दोघांनी भेटींच्या याद्या ठेवायच्या: वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास नातं, आणि खाली दोघांच्या सह्या.

हवं ते कागदावर लिहिण्याला आपल्याकडे एक कडू आठवण चिकटली आहे, ती दुसऱ्याच यादीची. लग्न ठरताना होणाऱ्या ‘याद्या’ म्हणजे देण्याघेण्याचा लेखी करार. मुलीच्या बापाने काय काय द्यायचं ते त्यात असे, आणि किती घरं त्यापायी कर्जात बुडाली हे वेगळं सांगायला नको. म्हणून आजही कुणी ‘आम्हाला हे हवं’ असं लिहून पाठवलं की जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. उलट ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेत सभ्य ठरली. ती आठी मला समजते. पण ज्यातली कुठलीही वस्तू न घेण्याची मोकळीक आहे, त्या यादीला हुंड्याच्या पंगतीत बसवणं अन्याय आहे.

अशी यादी नसली की काय होतं, ते नवीन संसाराच्या माळ्यावर दिसतं. तीन कुकर, चार भिंतीवरची घड्याळं, लेमन सेटची खोकी. ज्या घरी खमकी आत्या असे तिथे हे टळायचं. ‘मिक्सर मी देतेय, तू ताटं बघ’ असे निरोप ती आधीच फिरवायची. आणि कोण काय देणार हे नवरीला कळू द्यायचं नाही, हे पथ्यही पाळायची.

शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने 1924 साली हेच काम नोंदवहीकडे सोपवलं. नवरीने आवडलेली भांडी, चादरी सांगून ठेवायच्या. पाहुण्याने दुकानात जाऊन तिचं नाव घ्यायचं, आणि वस्तू विकली गेली की दुकानातला माणूस ती यादीतून कमी करणार. दुकानाचा धंदा वाढावा हा हेतू उघड होता. पण पाहुण्याला कुठलं खातं लागत नव्हतं, नवरीचं नाव माहीत असणं पुरे होतं.

1999 मध्ये अ‍ॅमेझॉनने इच्छेची यादी ऑनलाइन आणली, तेव्हा मधलं माणूस गेलं. उघडी यादी किती उघडी असते, हे 2006 मध्ये टॉम ओवाड या अमेरिकन माणसाने दाखवलं. लोकांनी जगजाहीर ठेवलेल्या अडीच लाखांहून जास्त याद्या त्याने साध्या संगणकांवर उतरवून घेतल्या आणि कोण कुठली पुस्तकं वाचू इच्छितो ते शोधून काढलं. आत्या असा घरोघरचा हिशोब परक्यासमोर कधी मांडत नसे. म्हणजे एकीकडे खात्याची भिंत, जिच्यापाशी मावशी अडते. दुसरीकडे कुंपणच नाही, आणि कुणीही आत येतो.

लिंक ज्याच्या हाती त्यालाच यादी दिसावी, शोधून कुणाला सापडू नये आणि उघडायला खातं लागू नये, हा या दोन्हींमधला मार्ग आहे. तो आज अनेक ठिकाणी उपलब्धही आहे. पण नुसतं दिसणं पुरत नाही. मावशीला वस्तूसमोर फक्त आपलं नाव लिहून ‘ही माझी’ म्हणता आलं पाहिजे, ते बाकीच्या देणाऱ्यांना दिसलं पाहिजे आणि भाचीला दिसता कामा नये. आत्याचं काम करणारी यादी ती हीच. तिलाही धोका आहे. लिंक पुढे ढकलली गेली की परकाही ती उघडू शकतो. तरी मला हा धोका खात्याच्या भिंतीपेक्षा पत्करण्याजोगा वाटतो, यादीत घराचा पत्ता आणि फोन नंबर नसेल तर.

तेव्हा यादी करणाऱ्यांनो, लिंक ग्रुपवर टाकण्याआधी ती एकदा अशा फोनवर उघडून बघा, ज्यावर तुमचं किंवा कुणाचंच खातं चालू नाही. पासवर्ड मागितला तर ती यादी दुसरीकडे करा. आणि वस्तू कुठल्याही दुकानातून आणलेली चालेल, हे वर ठळक लिहा, म्हणजे मावशीला ती वसईच्या बाजारातूनही घेता येईल.