पॉइंटर डिस्कवर टिकत नाही

लिनक्सच्या एक्स्ट२ फाइल सिस्टिममध्ये उघडलेल्या फाइलचा आयनोड दोन रूपांत असतो. एक मेमरीत, एक डिस्कवर. मेमरीतल्या रूपात लॉक, काउंटर आणि मुख्य म्हणजे पॉइंटर असतात. मशीन चालू आहे तोवर सगळं झकास. वीज गेली की पॉइंटर म्हणजे नुसता आकडा! म्हणून डिस्कवर लिहिताना लॉक वगैरे गाळायचे आणि पॉइंटरऐवजी आयनोड नंबर किंवा ब्लॉक नंबर लिहायचा.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा लेख ना? हो, मिरजेला जाऊ या.

पटवर्धन सरदारांची पत्रं मोडीत, भराभर लिहिलेली. तारीख 'छ १४ रमजान' अशी, म्हणजे हिजरी महिन्याचा चौदावा चंद्र. साल बऱ्याचदा नाहीच. मजकुरात 'नाना' आणि 'भाऊ'. कोण नाना? नानासाहेब पेशवे की नाना फडणीस? भाऊ म्हणजे पानिपतावर गेलेले सदाशिवराव की तासगावचे परशुरामभाऊ? लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत, मग कशाला फोड करायची? सगळे पॉइंटर!

१८१८ साली पेशवाई संपली. ग्रँट डफ तेव्हा साताऱ्यात होता, १८२२ पर्यंत. पेशवाई पाहिलेली माणसं हयात होती, त्याला विचारता येत होतं. त्याचा इतिहास १८२६ साली छापून आला. मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सुरू केला १८९७ साली. विचारायला कोणी उरलं नव्हतं.

शास्त्रीबुवांनी मोडीचं बाळबोध केलंच, पण खरं काम पुढचं होतं. पत्रं कालक्रमानं लावायची, माणसं ओळखायची. हिजरी महिना दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो. त्यामुळे पत्रात पावसाळ्याचा किंवा वाराचा उल्लेख असला, तर साल पकडता येतं. हे काम त्यांनी १९२४ साली वारेपर्यंत केलं.

यात धोका काय? मेमरीत पॉइंटर चुकला तर प्रोग्राम बहुधा कोसळतो, निदान कळतं तरी. डिस्कवर चुकीचा पण वैध नंबर गेला तर फाइल निमूट उघडते, फक्त दुसऱ्याचीच. 'भाऊ' चुकीचा लावला तर इतिहासही असाच सुरळीत वाचला जातो.

तेव्हा सोमवारी कोडमध्ये 'काल ठरल्याप्रमाणे' अशी कॉमेंट टाकण्याआधी थांबा. कोणाचं ठरलं, काय ठरलं, कधी, तेवढं लिहा. आपल्या कोडला शास्त्रीबुवा मिळतीलच असं नाही.