चर्चविषयक इंग्रजी संज्ञा

चर्चविषयक इंग्रजी संज्ञा : ख्रिस्ती उपासनास्थळे, तेथील धर्माधिकारी आणि त्यांचा कारभार यांसाठी इंग्रजीत रूढ असलेले शब्द. त्यांतील बहुतेक मुळात ग्रीक वा लॅटिन असून त्यांना आजचे अर्थ मुख्यतः इंग्लंडच्या चर्चव्यवस्थेत आले. हे शब्द इमारतीचा आकार किंवा धर्मगुरूची विद्वत्ता दाखवीत नाहीत. कोण कोणाच्या अधिकाराखाली, कोणावर कशाची जबाबदारी आणि उत्पन्न कोणाचे, हे त्यांतून कळते.

उपासनास्थळे : चर्च हा शब्द वास्तू आणि श्रद्धावंतांचा समुदाय या दोन्हींसाठी वापरतात, दुसऱ्या अर्थासाठी मराठी बायबलमध्ये ‘मंडळी’ हा शब्द आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे अधिकृत आसन असते, ते कॅथीड्रल. बिशपच्या अधिकारक्षेत्राला डायोसीस म्हणजे धर्मप्रांत म्हणतात. कॅथीड्रल लहानही असू शकते. याउलट लंडनचे भव्य वेस्टमिन्स्टर ॲबी आज कॅथीड्रल नाही. ते बिशपच्या नव्हे, थेट राजसत्तेच्या अधिकाराखाली आहे. ॲबी म्हणजे ॲबट किंवा ॲबेस प्रमुख असलेला मठ. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात मठ बंद झाले, तरी काही वास्तूंना ते नाव राहिले. चॅपल हे शाळा, रुग्णालय, राजवाडा अशा ठिकाणचे किंवा मोठ्या चर्चमधील स्वतंत्र उपासनास्थान असते. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट इ. पंथांच्या उपासनागृहांनाही इंग्लंडमध्ये चॅपल म्हणत आले आहेत. बॅसिलिका हा आज पोपने दिलेला सन्मान होय. जुने गोवे येथील बॉम जेझस चर्चला तो १९४६ मध्ये मिळाला. तेथून जवळच असलेले से चर्च मात्र आर्चबिशपांचे कॅथीड्रल आहे.

पदे : बिशप, प्रीस्ट आणि डीकन या धर्मसेवेच्या तीन दीक्षाश्रेणी. त्यांच्या ग्रीक मूळ शब्दांचे अर्थ अनुक्रमे देखरेख करणारा, वडीलधारा आणि सेवक असे आहेत. रेक्टर, व्हिकर आणि क्युरेट ही दीक्षेची नव्हे, नेमणुकीची नावे होत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावकरी उत्पन्नाचा दशमांश चर्चला देत. तो पूर्ण घेण्याचा हक्क असलेला धर्मगुरू रेक्टर. अनेक गावांत हा हक्क मठांकडे गेला. मठ धान्याचा मोठा दशमांश स्वतःकडे ठेवत आणि गावातील उपासनेसाठी प्रतिनिधी नेमत. त्याला बहुधा उरलेला लहान दशमांश मिळे. हा प्रतिनिधी म्हणजे व्हिकर. मठ बंद झाल्यावर त्यांचे बरेच हक्क सामान्य जमीनमालकांकडे गेले आणि व्हिकर व्हिकरच राहिले. १८३६ च्या कायद्याने वस्तुरूप दशमांशाऐवजी रोख रक्कम ठरविण्यात आली. आज रेक्टर व व्हिकर यांच्या कामात फारसा फरक नाही. क्युरेट म्हणजे सहसा नवदीक्षित साहाय्यक धर्मगुरू. डीन हा कॅथीड्रलचा प्रमुख असून त्याच्या धर्मगुरुमंडळास चॅप्टर म्हणतात.

पॅरिश व व्हेस्ट्री : पॅरिश म्हणजे एका चर्चच्या सेवेखालील वस्ती. इंग्लंडमध्ये तो मुलकी कारभाराचाही पाया ठरला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, विवाह व दफनविधी यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम दिला. १६०१ च्या कायद्याने गरिबांना मदत करण्याची जबाबदारी पॅरिशवर आली. धर्मवस्त्रे ठेवण्याची खोली ती व्हेस्ट्री; तेथे भरणाऱ्या ग्रामस्थांच्या सभेलाही तेच नाव मिळाले. १८९४ मध्ये ग्रामीण भागातील या सभांचे मुलकी अधिकार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलांकडे गेले.

महाराष्ट्र : मुंबईत दशमांशाची इंग्लिश पद्धत नव्हती. ईस्ट इंडिया कंपनी पगारी धर्मगुरू नेमत असे. त्यांना चॅपलेन म्हणत. चॅपलेन रिचर्ड कॉब यांच्या पुढाकाराने बांधलेले सेंट टॉमस चर्च १७१८ मध्ये नाताळच्या दिवशी उघडले. मुंबईच्या किल्ल्याच्या या चर्चकडील दरवाजावरून चर्चगेट हे नाव पडले. १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा ते कॅथीड्रल बनले. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मराठी प्रॉटेस्टंट आपल्या धर्मसेवकाला ‘पाळक’ म्हणतात, कॅथलिक ‘फादर’ म्हणतात. वसईत पॅरिशला ‘धर्मग्राम’ हा शब्द रुळला आहे. इंग्रजी कादंबऱ्या आणि कंपनीचे दप्तर वाचताना मात्र व्हिकर, रेक्टर, डीन व चॅपलेन या सर्वांना सरसकट ‘पाद्री’ म्हणणे अपुरे ठरते. कोणाला कोणी नेमले आणि त्याचा निर्वाह कशावर चाले, हा त्या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग त्यामुळे वाचकाच्या नजरेआड होतो.